कोळंबीचं तपासलं, माझं लपवलं

हे लिखाण जुलाबांबद्दल आहे. पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचंय त्यांनी इथूनच मागे फिरावं. हा शब्द उच्चारायची मला इतकी लाज वाटली की पाच आठवडे तो मी घरात काढला नाही आणि दवाखान्यातही नाही. त्या पाच आठवड्यांत जे बिघडलं ते फक्त माझं असतं, तर मी आजही गप्प बसलो असतो.

माझ्या पोटात, उजव्या बाजूला खाली, माझ्या थोरल्या बहिणीची किडनी आहे. वनिताताई तिचं नाव. आम्ही मूळचे एडवणचे, मासेमारी करणाऱ्या घरातले. ताई लग्न होऊन तारापूरला गेली. तिथे ती बोंबील सुकवते आणि बोईसरच्या बाजारात विकते. चाळिशीतच माझ्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या तेव्हा घरात पुष्कळ काथ्याकूट झाला, कोण देणार, कोणाची जुळणार. ताईने तो फार वेळ चालू दिला नाही. "माजी घ्या आनि इषय संपवा, माजे बोंबील तसेच पडलेत," एवढंच म्हणाली. दाजींनी आधी तोंड वाकडं केलं, मग सही केली.

ऑपरेशन मुंबईत झालं. पुढचं दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं होतं.

आपला आकडा

किडनी बसवल्यावर आमच्या घरात लघवी हा चारचौघांत बोलायचा विषय झाला. मापाचं भांडं, भिंतीला टांगलेली वही, सकाळ-संध्याकाळ नोंद. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "पानी नीट होतंय ना रे दिनेश?" आणि मीही हौसेने सांगायचो, आज इतकं झालं, काल तितकं. त्यात मला कधी लाज वाटली नाही. लघवी म्हणजे ताईची किडनी काम करतेय, त्यात कौतुकच होतं.

ताई दर रविवारी सकाळी, बाजारात टोपली मांडायच्या आधी फोन करायची. महिन्याला रक्त तपासायचं असतं, त्यात क्रिएटिनिन किती आलं ते तिला हवं असायचं; ते जितकं कमी, तितकी किडनी बरी. तो शब्द तिच्या जिभेवर बसत नाही, म्हणून ती त्याला आकडा म्हणते. "आपला आकडा किती आला रे?" हे 'आपला' ती सहज म्हणायची, आणि तिचा तो हक्कच होता.

जीभ आणि मीटर

मी माकुणसारजवळ खाडीकाठच्या एका कोळंबी प्रकल्पावर सुपरवायझर आहे. आठ तळी आहेत. माझं मुख्य काम बघण्याचं. जाळीचं एक ताट दोरीने तळ्यात सोडलेलं असतं, आम्ही त्याला चेक ट्रे म्हणतो. ते वर ओढायचं आणि बघायचं: खाद्य उरलंय का, कोळंबीचं आतडं भरलेलं दिसतंय का, विष्ठेचा रंग काय. पाण्यावर पांढरे दोरे तरंगताना दिसले की माझं काळीज धस्स होतं. कोळंबीच्या पोटात एक सूक्ष्म परजीवी शिरतो, त्यात बऱ्याचदा हे दिसतं. कोळंबी पटकन मरत नाही. खाते, पण अंगाला लागत नाही, बोटाएवढी होऊन तिथेच थांबते. दोरे दिसले की त्याच दिवशी नमुना बर्फात घालून लॅबला पाठवायचा, उद्यावर ढकलायचं नाही, हे मी कामगारांना इतक्या वेळा ऐकवलंय की ते माझी नक्कल करतात.

पाण्याचा खारटपणा मोजायला मीटर आहे. मी मात्र बोट बुडवून जिभेला लावायचो. आमचे वडील खाडीच्या तोंडाशी असंच पाणी चाखून भरती कुठवर आत आलीय ते सांगायचे, त्यांचीच खोड माझ्यात उतरली. माझी जीभ आणि मीटर यांत फारसा फरक पडत नसे. नवीन कामगार आला की जुने त्याच्याशी पैज लावायचे आणि मी छाती फुगवून चाखून दाखवायचो.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं होतं, उकळलेलंच पाणी प्यायचं आणि तळ्यात उतरायचं नाही. मी दोन्ही अगदी सोवळ्यासारखं पाळलं. लग्नाला गेलो तरी माझी बाटली माझ्याबरोबर. आणि रोज सकाळी आठ तळ्यांचं पाणी आठ वेळा जिभेवर घेऊन थुंकत होतो. बगळे, बदकं, पलीकडच्या पाड्यावरची डुकरं, सगळ्यांचा वावर त्याच खाडीत. चाखणं म्हणजे पिणंच आहे, हे माझ्या टाळक्यात एकदाही आलं नाही.

माझा आजार तिथूनच आला असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. कुठल्याही घाण पाण्यातून, जनावराकडून येऊ शकतो म्हणतात. पण माझं मन मला सांगतं, आणि मी त्याच्याशी वाद घालत नाही.

पाच आठवडे

गणपती उठल्यावर सुरू झालं. आधी दिवसातून चारदा, मग आठदा, नुसतं पाणी. ताप नाही, पोटात फारसं दुखणं नाही. काहीतरी बाधलं असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या आठवड्यात बोईसरच्या एका मेडिकलमधून थांबवायच्या गोळ्या आणल्या. मुद्दाम बोईसरला गेलो, कारण जवळच्या सफाळ्याचा मेडिकलवाला ओळखीचा. गोळी घेतली की दिवसभर बरं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट.

का नाही सांगितलं? हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. खरी कारणं सांगतो, ती ऐकायला बरी नाहीत. एक तर बायको, सुषमा, गावच्या शाळेत मुलांचा पोषण आहार शिजवते. तिच्या घरात जुलाब चाललेत हे कळलं तर कोण मुलांना जेवू देईल, असं मी स्वतःला सांगत होतो. दुसरं म्हणजे त्याच दिवसांत तीन नंबरच्या तळ्यात पांढरे दोरे दिसले होते. कोळंबीचा रोग सुपरवायझरला लागला अशी आवई उठली असती तर प्रकल्पाचं काही खरं नव्हतं. पण या दोन्ही सबबी. मुळात मला लाज वाटत होती. चांगला अंगापिंडाने भरलेला माणूस, दहा जणांवर हुकूम चालवणारा, आणि पँटच्या आत जुना पंचा घडी घालून फिरतो, हे मला कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

तीन नंबरच्या तळ्याचा नमुना मी त्याच दुपारी लॅबला पाठवला. फोनवर त्या लॅबवाल्यावर ओरडलोही, की रिपोर्टला उशीर चालणार नाही. आणि प्रकल्पाच्या मागच्या संडासात जाऊन मी माझं बादलीभर पाण्याने घालवून देत होतो, न बघता.

खोटं

त्या महिन्याचं रक्त मी तपासलंच नाही. आकडा वाढलेला असणार हे मला आतून ठाऊक होतं. तो कागदावर आला की सगळं सांगावं लागलं असतं. सुषमाला म्हटलं, कामावरून परस्पर जाऊन देऊन आलो.

रविवारी ताईचा फोन आला. "आपला आकडा किती आला?"

मी मागच्या महिन्याचा कागद समोर धरला आणि त्यावरचा आकडा वाचला. "एक पूर्णांक दोन."

"तितकाच हाय ना? वाडला नाय?"

"तितकाच."

"बरा झाला बाबा. मना उगाच काल्जी वाटत होती. उद्या देवीला नारल फोडते."

मी म्हटलं, फोड. फोन ठेवला आणि संडासात पळालो. आयुष्यात बऱ्याच थापा मारल्यात, पण इतकं हलकट मी कधीच वागलो नव्हतो.

बांधावर

पाचव्या आठवड्यात माझं वजन नऊ किलोने उतरलं होतं. सुषमा विचारायची, मी तिच्यावर खेकसायचो. त्या दिवशी सकाळी पाच नंबरच्या बांधावर चेक ट्रे ओढायला वाकलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आलो तेव्हा बांधावर आडवा होतो, कामगार गोल करून उभे होते, आणि माझी पँट पूर्ण भरलेली होती. वास सगळ्यांना येत होता. मी डोळे पुन्हा मिटून घेतले.

रघुनाथ नावाचे ओडिशाचे एक कामगार आहेत आमच्याकडे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. त्यांनी बाकीच्यांना हाकललं. "जाओ, मोटर देखो, यहाँ तमाशा नहीं है." मग टाकीच्या गोड्या पाण्याचा पाइप आणून त्यांनी मला धुतलं, आपली लुंगी मला नेसवली. मी सॉरी सॉरी करत होतो. ते म्हणाले, "काहे का सॉरी, बीमार आदमी का कपड़ा है, धुल जाएगा." आजपर्यंत त्यांनी या गोष्टीचा विषय काढलेला नाही.

बोईसर

बोईसरच्या दवाखान्यात सलाइन लावलं. सुषमा आमची स्कूटर घेऊन तिथे पोचली होती. डॉक्टरांनी विचारलं, जुलाब किती दिवस? मी म्हटलं, चार-पाच दिवस. हो, तिथेही.

सुषमा उठून बाहेर गेली. स्कूटरच्या डिकीतून गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन आली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. नऊ पाकिटं होती. ती तिला आधीच सापडली होती, मी कधी सांगतो याची ती वाट बघत होती.

रक्ताचा रिपोर्ट आला. आकडा होता तीन पूर्णांक चार. डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता मुंबईला हलवा, आणि जाता जाता एचआयव्हीची तपासणीही लिहून दिली, इतके दिवस जुलाब आणि इतकं वजन उतरलं तर बघावं लागतं म्हणून.

अँब्युलन्समध्ये सुषमाने माझ्याकडे न बघता विचारलं, "तसा काय असंल तर आताच सांगा. मी वरडनार नाय."

मला राग आला. अठरा वर्षांच्या संसारात हिला असं वाटावं? मग लक्षात आलं की पाच आठवडे मी रोज काहीतरी लपवतोय हे तिला दिसत होतं. का लपवतोय हे मी सांगितलं नाही, म्हणून तिने तिच्या डोक्याने हिशेब केला. तो रिपोर्ट चांगला आला, पण तो येईपर्यंतचे दोन दिवस ती जशी जगली, त्याला मीच जबाबदार होतो.

ताईसमोर

मुंबईला पोचलो त्याच संध्याकाळी ताई आली. अंगाला बोंबलाचा वास, हातात कपड्यांची पिशवी. ज्यांनी किडनी बसवली तेच डॉक्टर फाइल चाळत होते.

"मागच्या महिन्याचा रिपोर्ट दिसत नाही यात."

मी चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

"केलाय की त्यानं," ताई म्हणाली. "एक दोन आला व्हता. मना सांगितलान ना फोनवर."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. सुषमाने बघितलं. मला वाटलं आता हे सलाइन उपसून खिडकीतून उडी मारावी. शेवटी म्हटलं, "नाही केला. तो आधीचा आकडा होता."

ताई पलंगाच्या कडेला बसली. बराच वेळ ती पिशवीचे बंद सोडत आणि बांधत राहिली. मग हळू म्हणाली, "मी नारल फोडला रे त्या आकड्यावर."

तिने शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

ओळखीचं नाव

विष्ठेचे पहिले दोन रिपोर्ट नॉर्मल आले. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी लॅबला सांगून खास रंग लावून बघायला लावलं, आणि जंतू सापडला. डॉक्टर आले, म्हणाले, "मायक्रोस्पोरिडिया. तुम्ही नाव ऐकलं नसेल."

मी ताडकन उठून बसलो. "सर, हा तर माझ्या कोळंबीला होतो."

त्यांनी चष्मा काढला. त्यांना वाटलं मी भ्रमात बोलतोय. मग मी पांढऱ्या दोऱ्यांचं सगळं सांगितलं आणि ते खुर्ची ओढून ऐकत बसले. त्यांनी जे समजावलं ते इथे मुद्दाम लिहितो, कारण त्यावरून नको त्या अफवा उठतात. कुळ एक, पण जात वेगळी. कोळंबीतला माणसाला होत नाही, माझा कोळंबीला होत नाही. कोळंबी खाऊन हा आजार झालेला नाही. धडधाकट माणसाला झाला तर बहुधा काही दिवसांत आपोआप जातो. माझ्यासारखा, परकी किडनी टिकावी म्हणून शरीराची ताकद गोळ्यांनी दाबून ठेवलेला माणूस असला, तर तो आत ठाण मांडून बसतो.

पुढचं त्यांनी ताईसमोरच सांगितलं. माझ्या जातीच्या जंतूवर हमखास लागू पडेल असं औषध आपल्याकडे सहज मिळत नाही. जे आहे ते देऊ, पण खरा उपाय म्हणजे किडनीच्या गोळ्या कमी करून शरीराला लढू देणं. आणि गोळ्या कमी केल्या तर तेच शरीर किडनीवर उलटू शकतं. नाही केल्या तर हे जुलाबच तिला घेऊन जातील. "पहिल्या आठवड्यात आला असतात तर इतकं अवघड नव्हतं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती माहिती होती.

मी ताईकडे बघितलं. डॉक्टरांनीही बघितलं.

"माज्याकडं काय बगता?" ती म्हणाली. "त्याला इचारा. त्याची हाय ती."

मी हो म्हटलं. गोळ्या कमी झाल्या.

वॉर्डातले दिवस

त्यानंतरचे एकवीस दिवस रोज सकाळी रक्त, आणि दुपारपर्यंत रिपोर्टची वाट. भीती कसली म्हणाल तर मरणाची कमी, आणि ताईची किडनी आत सुजून बंद पडेल याची जास्त. हात सारखा पोटाच्या उजव्या बाजूला जायचा, गरम लागतंय का बघायला.

पलंगाला एक कागद लावलेला होता. किती वेळा झाली, रंग काय, पातळ की घट्ट. सिस्टर वॉर्डच्या दारातून मोठ्याने विचारायची, "अकरा नंबर, किती वेळा?" पहिल्या दिवशी मी बोटं दाखवली. तिला दिसलं नाही, तिने पुन्हा विचारलं. चौथ्या दिवशी मीही दारापर्यंत ऐकू जाईल असं ओरडून सांगू लागलो. शेजारच्या पलंगावरचे आजोबा माझा आकडा कमी झाला की मान डोलवायचे.

एकदा चादर खराब झाली आणि मी ती अंगाखाली दाबून पडून राहिलो, साफसफाई करणाऱ्या मावशी पुढे जाव्यात म्हणून. त्या गेल्या नाहीत. "लाज तुझी तुझ्याकडं ठेव," म्हणाल्या, "चादर मला दे." हे कोणीतरी मला पाच आठवडे आधी म्हणायला हवं होतं.

सुषमा रात्रंदिवस होती. तिने मला पुसलं, बदललं, पेज भरवली. आम्ही कामापुरतंच बोलायचो. बाराव्या दिवशी मी म्हटलं, "माझं चुकलं." ती म्हणाली, "त्ये मना म्हाईत हाय. पेज संपवा." त्या दिवशी मला पहिल्यांदा जरा भूक लागली.

सोळाव्या दिवशी एकदाच झाली, आणि घट्ट. मी चक्क रडलो. हसू नका, तुमच्यावर वेळ आली की कळेल.

किडनी राहिली. पण आकडा एक पूर्णांक नऊवर येऊन थांबला तो थांबलाच. डॉक्टर म्हणतात, जे गेलं ते परत येत नाही, उरलेलं सांभाळा.

तारापूर

अंगात जरा बळ आल्यावर तारापूरला गेलो. ताई वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील घालत होती. मी खाली उभा राहून सगळं सांगितलं, पंचाची घडी, बोईसरचा मेडिकल, तो जुना कागद, काही गाळलं नाही. ती काम करत राहिली. शेवटी म्हणाली, "तुला लाज वाटली म्हनून सांगितला नाय?"

"हो."

"माजा पोट फाडला तवा मना वाटली नसंल काय रे? टेबलावर उघडी निजवली मना. कोन कोन डाक्टर, कोन कोन पोरगे उबे व्हते. मी काय बोल्ले का कोनाला?" मग तिने पुढचा बोंबील घेतला. "घरात जा. चाय घे."

मी घरात गेलो आणि चहा घेतला.

तुमच्या अंगात कोणाची किडनी असो वा नसो, पोट दोन दिवसांपेक्षा जास्त बिघडलेलं राहिलं तर सांगा, मोठ्याने सांगा. साधा रिपोर्ट नॉर्मल आला तरी गप्प बसू नका, आणखी बघा म्हणा. मी आता मीटर वापरतो. कामगारांनाही कारण सांगितलंय, रघुनाथांसमोर, सगळ्यांसमोर. तेवढं मला जमलं.

ताईशी आमचं बरं आहे. ती येते, जेवते, थट्टाही करते. रविवारचा फोनही चालू आहे, फक्त तो आता मी करतो. रिपोर्ट हातात घेऊन मी आकडा वाचतो, जसा आहे तसा. ती ऐकून घेते, म्हणते, "बरा." मग म्हणते, "आता सुषमाकडं दे फोन." मी देतो. सुषमा माझ्या हातातला कागद घेते आणि तोच आकडा पुन्हा वाचून दाखवते.